तिखट मिरचीचं उलटं गणित

लवंगी मिरचीचं झाड महाड-पोलादपूरच्या परसात नवं नाही. आता ईशान्य भारतातल्या भूत जोलोकियाचं बीही सहज मिळतं आणि हौशी मंडळी ते कुंडीत लावून पाहतात. २००७ साली गिनेस बुकात जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंदली गेलेली ही मिरची. तिचा तिखटपणा दहा लाख स्कोव्हिल एककांच्या वर भरला होता. झाड आपल्याकडे झकास वाढतं, पण फळ धरत नाही. याचं मोठं कारण खतात नसून पेरणीच्या महिन्यात असतं.

ज्वालासारखी नेहमीची मिरची आठ-दहा दिवसांत उगवते आणि लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांत हिरवा तोडा देते. भूत जोलोकिया आणि हाबानेरो या मिरच्या मुख्यतः ‘कॅप्सिकम चायनेन्स’ या वेगळ्या प्रजातीच्या. त्यांचं बी उगवायलाच दोन ते चार आठवडे लागतात, तेही मागेपुढे. रोप हळू वाढतं आणि धरलेलं फळ लाल व्हायला आणखी दीड-दोन महिने जातात. पेरणीपासून पहिल्या पिकल्या फळापर्यंत सहा महिने धरूनच चालावं.

हे सहा महिने महाडच्या हवेत बसवायचे कुठे? समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, मग कोरडा हिवाळा आणि मार्चपासून चाळिशीकडे सरकणारा पारा. मिरचीचं फूल उष्णतेला हळवं असतं. तापमान पस्तिशीच्या पुढे गेलं की परागकण निकामी होऊ लागतात आणि फूल देठासकट गळतं. बी डिसेंबरात टाकलं तर झाड फुलतं ते ऐन एप्रिलच्या उन्हात. जूनमध्ये उघड्यावर टाकलं तर कोवळी रोपं पावसाच्या माऱ्यात जातात.

म्हणून गणित उलटं मांडायचं. फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकायचं, तर फूल डिसेंबर-जानेवारीत हवं. तेव्हाची गार रात्र फळधारणेला मानवते. त्यासाठी रोप ऑक्टोबरअखेर मोठ्या कुंडीत गेलं पाहिजे, आणि बी ऑगस्टमध्ये छपराखाली पडलं पाहिजे.

या बियांना रुजायला २५ ते ३० अंशांची ऊब लागते. युरोपात त्यासाठी विजेवर तापणाऱ्या चटया वापरतात. ऑगस्टमधल्या आपल्या पडवीत ही ऊब फुकट मिळते. धोका आहे तो दमट हवेतल्या रोगाचा. पिथियमसारखे बुरशीसदृश जीव रोपाचा देठ मातीलगत सडवतात आणि रोप कोलमडतं. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना माती तापते, तण आणि रोगजंतू कमी होतात. तेच तत्त्व इथे वापरावं. मे महिन्यात ओलसर माती पारदर्शक प्लास्टिकखाली उन्हात तापवून, वाळवून ठेवावी. तिच्यात निम्मं कोकोपीट मिसळून बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावं. माती ओलसर असावी, चिखल नको. उगवताच रोपं उजेडाला, पण पागोळ्यांपासून दूर ठेवावीत.

पुढे दहा-बारा लिटरची, बुडाला भोकं असलेली कुंडी पुरते. युरिया जास्त झाला तर पालाच माजतो आणि फूल लांबतं. पानांची खालची बाजू आठवड्याला तपासावी. फुलकिडे आणि कोळी तिथूनच रस शोषतात आणि पानांचा चुरडा-मुरडा सुरू होतो. सुरुवातीलाच निंबोळी अर्क फवारला तर तो आटोक्यात राहतो.

तिखटपणा देणारं कॅप्सेसिन बियांत तयार होत नाही. बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटतात, तिथे ते बनतं. भूत जोलोकियात फळाच्या आतल्या भिंतीवरही. आपल्या मज्जातंतूंवरचा उष्णता ओळखणारा ग्राहकच (रिसेप्टर) ते चेतवतं, म्हणून तोंड भाजल्यासारखं वाटतं. या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. पक्ष्यांच्या ग्राहकावर कॅप्सेसिनचा असा परिणाम होत नाही. बुलबुल ही फळं खुशाल खातात, तेव्हा पिकू लागलेल्या झाडाला जाळी हवी. कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतं. मिरची हातमोजे घालूनच चिरावी. हात चुरचुरले तर आधी तेल, मग साबण.

मिरचीचं झाड एका हंगामात संपत नाही. पावसाआधी छाटून छपराखाली ठेवलं तर पुढच्या वर्षी लवकर फुलतं. बी राखायचं असेल तर कळीवर मलमलची पिशवी बांधावी, म्हणजे शेजारच्या लवंगीशी संकर होत नाही. काणकोणची खोला मिरची आणि विदर्भातली भिवापुरी मिरची, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिथल्या मातीत रुळलेल्या झाडांचं बी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलं, त्यातूनच ही वाणं घडली. महाडमध्येही हे जमेल. तीन-चार कुंड्या लावा, प्रत्येकीवर पेरणीची आणि पहिल्या पिकल्या फळाची तारीख लिहा, आणि उन्हाळ्याआधी सर्वांत लवकर पिकलेल्या झाडाचंच बी पुढच्या ऑगस्टसाठी ठेवा.