बांगड्याच्या पोटातली बिऱ्हाडं

"आबा, ह्याच्या गालात गोम आहे!"

धाकटी नात ओरडली तशी सूनबाईने विळीवरचा हात थांबवला आणि म्हणाली, "टाकून दे गं तो बांगडा." मी म्हटलं, थांबा. टाकायचा नाही. आधी बघायचा.

कल्ल्यावरचं झाकण उचललं आणि आतला किडा अलगद सोडवून तिच्या तळहातावर ठेवला. सहज निघत नाही तो. पायांच्या सात जोड्या आणि प्रत्येक पायाला आकडा. रंग पांढुरका, लांबी बोटाच्या पेराएवढी, पाठीवर आडव्या खापा. अंगाने मात्र जरा एका कुशीवर वाकडा, कारण कल्ल्याच्या कप्प्यात सरळ वाढायला जागाच नसते. ही गोम नव्हे, पोरी. खडकांवर पाऊल टाकलं की सैरावैरा पळतात ते किडे पाहिलेस ना? त्यांच्या कुळातला हा. ते भाऊबंद किनाऱ्यावर राहिले, ह्याने माशात बिऱ्हाड केलं.

ह्याची कहाणी विलक्षण आहे. पिल्लू असताना तो समुद्रात मोकळा पोहत असतो. एखादा मासा गाठून कल्ल्यात शिरतो तेव्हा तो नर असतो. तिथे मादी आधीच असली तर नरच राहतो. नसली तर वाढता वाढता तोच मादी होतो! मग पोटाखालच्या पिशवीत पिल्लं वाढवतो आणि ती सुटी झाली की पुन्हा समुद्रात सोडून देतो. त्या मादीला आता पोहून दुसरीकडे जाता येत नाही. बांगडा जगला तर ती जगणार. माशाचं रक्त ती पिते हे खरं, पण आंब्यावरच्या बांडगुळासारखंच तिलाही आपलं झाड मरून चालत नाही.

थोरला नातू म्हणाला, "म्हणजे एका माशात एक किडा?" छे रे, एक कुठला! मासा म्हणजे भरलेला वाडा. कातडीवर चिकटलेल्या उवा वेगळ्या, कल्ल्यांच्या लाल झालरीला चिमट्यांनी धरून राहिलेले चपटे कृमी वेगळे, आतड्यातले त्याहून वेगळे. प्रत्येकाची जागाही ठरलेली. ऑस्ट्रेलियातल्या क्लाउस रोडे नावाच्या शास्त्रज्ञांनी माशांच्या कल्ल्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. बांगड्याच्या भावकीतल्या माशांत एका जातीचा कृमी कल्ल्याच्या झालरीवर सापडतो, तर त्याचा सख्खा शेजारी फक्त कल्ल्याजवळच्या एका इवल्याशा अवयवावर. भांडणामुळे अशी वाटणी झाली असेल असं कोणालाही वाटेल. पण रोडे म्हणाले, आजूबाजूला रिकामी जागा भरपूर पडलेली असते, मग भांडण कशाला? एवढ्या मोठ्या माशावर आपल्या जातीचा जोडीदार भेटावा म्हणून हे जीव ठरल्या जागी राहत असावेत. मला हे फार पटतं. जत्रेत चुकामूक झाली तर देवळाच्या दीपमाळेखाली भेटायचं, असं आपण नाही का ठरवून ठेवत?

आता पोट फाडल्यावर कधीकधी काळजाशी दिसते ती पांढरी गुंडाळी. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी, सोडवली तर दोनेक सेंटिमीटर भरेल. हिचं नाव अ‍ॅनिसाकिस. ही माशाची पाहुणी खरी, पण तिचं घर माशात नाही, देवमाशाच्या किंवा डॉल्फिनच्या जठरात आहे. तिथे ती मोठी होते, अंडी घालते आणि ती अंडी विष्ठेबरोबर समुद्रात पडतात. पिल्लाला जवळ्यासारखा एखादा बारीक जीव गिळतो, त्याला मासा गिळतो. माशाच्या पोटात पोचलेलं पिल्लू स्वतःभोवती वेटोळं करून पडून राहतं. त्या माशाला मोठ्या माशाने खाल्लं तरी पुन्हा तेच, वेटोळं आणि वाट बघणं. देवमासा किंवा डॉल्फिन आला तर पुढचा जन्म, नाहीतर तिथेच शेवट.

म्हणजे ह्या गुंडाळीमागे जवळा आहे, मासा आहे, देवमासा आहे. एक कडी निखळली की किडा संपला.

ह्याचा पुरावा कुठे सापडला ऐका. अमेरिकेत सिएटल शहरात मासळीच्या धंदेवाल्यांच्या एका संस्थेने अलास्काच्या सामन माशाचे डबे तपासणीसाठी राखून ठेवलेले होते. मुदत उलटून कैक वर्षं झालेली. फेकण्याऐवजी त्यांनी ते वॉशिंग्टन विद्यापीठातल्या चेल्सी वुड यांच्या प्रयोगशाळेला देऊ केले. नॅटली मास्टिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ ते २०२१ या काळातले १७८ डबे उघडले, मांस चिमट्याने सुटं केलं आणि किडे मोजले. डब्यात भरतानाच्या उष्णतेने ते केव्हाच मेले होते, पण मोजता येत होते. सामनच्या चार जातींपैकी दोन जातींत किडे वर्षांगणिक वाढत गेलेले दिसले! त्यांना वाईट वाटलं असेल म्हणता? उलट आनंद झाला. १९७२ मध्ये अमेरिकेने देवमासे, सील यांसारख्या सागरी सस्तन प्राण्यांना कायद्याचं संरक्षण दिलं होतं. ते प्राणी पुन्हा वाढले असतील, म्हणून किड्यांचंही घर पुन्हा भरलं असेल, असा त्यांचा अंदाज आहे.

त्याच विद्यापीठाच्या शेजारच्या प्यूजेट साउंड खाडीची गोष्ट मात्र उलटी. तिथल्या संग्रहालयांत १८८० पासूनचे मासे बरण्यांत ठेवलेले आहेत. ते उघडून पाहिल्यावर दिसलं की ज्या परजीवींना तीन किंवा त्याहून जास्त यजमान लागतात, त्यांची संख्या घटत गेली आहे आणि पाणी तापत गेलं तशी ती घटली आहे. किडे कमी झाले म्हणून आपण खूश व्हायचो. पण ज्यांच्या जगण्याला इतक्या जणांचा आधार लागतो, ते कमी होतात तेव्हा मला तरी समुद्राची काळजी वाटते.

सूनबाईचा प्रश्न अजून बाकी होता : "मग खायचा की नाही?" खायचा. कल्ले आणि आतडी काढून टाकायची, मासा ताजेपणीच साफ करायचा आणि नीट शिजवायचा. उकळत्या आमटीत कुठलाही किडा जिवंत राहत नाही. १९६० मध्ये नेदरलँड्समध्ये अ‍ॅनिसाकिसमुळे माणसं आजारी पडल्याचं उघडकीला आलं, ते कच्ची, थोडंसं मीठ लावलेली हेरिंग मासळी खाल्ल्यामुळे. कच्चा खायचा मासा आधी उणे २० अंशांवर निदान एक दिवस गोठवावा, असा युरोपात आता नियमच आहे. आपली तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी चुलीवर चांगली रटरटते.

तेव्हा पोरांनो, पुढच्या वेळी बाजारातून बांगडे आले की टोपलीपाशी बसा, कल्ल्याचं झाकण उचला आणि आत कोण राहतंय ते बघून मला येऊन सांगा.