श्वानदंश आणि शिक्षकाचे कर्तव्य

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अलर्क रोगास, म्हणजेच रेबीजला, बळी पडणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. म्हणून हा विषय दवाखान्याइतकाच शाळेचाही आहे.

या रोगाचे विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतात. चावा, ओरखडा किंवा जखमेवर चाटणे यांवाटे ते शरीरात शिरतात व मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतात. लक्षणे दिसण्यास बहुधा दोन-तीन महिने लागतात. क्वचित एक आठवडा, तर क्वचित एक वर्षही लागते. या अवधीत रोग अडविता येतो. मात्र पाण्याची भीती, घशाचे आचके अशी लक्षणे उमटल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. सबब, जखम भरून आली म्हणजे धोका टळला, ही समजूत घातक होय.

दंश होताच जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. नळ नसल्यास तांब्याने धार धरावी. हळद, तिखट, चुना लावू नये. नंतर मुलास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. मांत्रिकाकडे जाण्यात किंवा कुत्रा मरतो की जगतो हे पाहण्यात वेळ दवडू नये. रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत सीरमही टोचावे लागते, हे पालकांस सांगावे.

खरी अडचण वेगळीच आहे. मूल चावा लपविते. खोडी काढलीस म्हणून मार बसेल, ही एक भीती. पोटात १४ सुया टोचतील, ही दुसरी. पोटातील ती इंजेक्शने मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या जुन्या लसीची होती. तिचे उत्पादन भारतात डिसेंबर २००४ मध्ये बंद झाले. आता लस दंडात, लहान मुलांस मांडीत देतात. त्वचेत टोचावयाच्या पद्धतीत पहिल्या दिवसानंतर ३, ७ व २८ व्या दिवशी मात्रा असतात.

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनी वर्गात निःसंदिग्धपणे सांगावे, ‘कुत्रे, मांजर वा माकड चावले, ओरबाडले, तर तत्क्षणी सांगा, कोणीही रागावणार नाही.’ आणि हे वचन पाळावे. दंश झालेल्या मुलाच्या पुढील मात्रांच्या तारखा हजेरीपटात टिपून ठेवाव्यात व आदल्या दिवशी घरी निरोप धाडावा. मूल बरे दिसू लागले की २८ व्या दिवसाची मात्रा घरात विसरली जाते. शाळेने ती विसरू नये.