दर पावसाळ्यात जुहूच्या वाळूत काळे गोळे येतात कुठून?

पावसाळा सुरू झाला की जुहूपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यांवरचे काळ्या, चिकट गोळ्यांचे फोटो फिरू लागतात. अनेकांना ही गटारातली घाण वाटते. खरंतर हे आहेत ‘टारबॉल’, म्हणजेच डांबरगोळे.

ते तयार कसे होतात?
समुद्रात कच्चं तेल किंवा जहाजाचं जड इंधन सांडलं की त्यातला हलका भाग हवेत उडून जातो. उरलेलं तेल लाटांमध्ये घुसळून घट्ट होतं आणि त्याचे तुकडे पडतात. त्याला वाळू चिकटली की झाला गोळा.

मग पावसाळ्यातच का दिसतात?
तेल इतर महिन्यांतही सांडतं. पण जून ते सप्टेंबरमध्ये नैऋत्येचे जोरदार वारे ते थेट आपल्या किनाऱ्यावर आणून टाकतात.

हे तेल कुणाचं?
प्रत्येक तेलाची रासायनिक ओळख वेगळी असते, अगदी बोटांच्या ठशांसारखी. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशा तपासणीतून दोन मुख्य स्रोत दाखवले आहेत: टँकर धुतलेलं तेलकट पाणी आणि बॉम्बे हाय परिसरातलं कच्चं तेल.

नियम नाहीत का?
आहेत. ‘मारपोल’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या (सुमारे ९३ किमी) आत टँकरना असं पाणी सोडता येत नाही. त्यापुढेही मर्यादा आहेत. अडचण पकडण्याची आहे. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ यांची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडलं, तेव्हा निदान जहाजं कोणती हे माहीत होतं. गोळा वाळूत दिसेपर्यंत मात्र तेल सोडणारं जहाज केव्हाच निघून गेलेलं असतं.

फटका कुणाला बसतो?
जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा किनाऱ्यालगत जाळी टाकतात ते पारंपरिक, छोटे मच्छीमार. डांबर बसलेलं जाळं साफ करायला कष्ट पडतात आणि तो दिवस वाया जातो. म्हणजे तेल सांडणारा वेगळा, भरपाई करणारा वेगळा.

पायाला डांबर लागलं तर?
रॉकेल किंवा पेट्रोल लावू नका, त्वचेची आग होऊ शकते. आधी खोबरेल तेल चोळा, मग साबणाने धुवा. आणि लहान मुलांना या गोळ्यांशी खेळू देऊ नका.