नेवाशाची मांजरी

आजच्या भाषणाचा विषय मांजर आहे, हें ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हंसूं आलें असेल. परंतु आपल्या वाङ्मयानें या गरीब प्राण्याला जी वागणूक दिली आहे, ती पाहतां त्याची बाजू कोणी तरी मांडणें अवश्य आहे.

आपले जुने कथाकार मांजराचें नांव काढतात तें बहुधा ढोंगाचा नमुना म्हणून. महाभारताच्या उद्योगपर्वांत गंगातीरीं हात वर करून तप करणारें एक मांजर आहे; उंदीर विश्वासानें त्याच्या आश्रयास जातात आणि हळूहळू नाहींसे होतात. पंचतंत्रांतील दधिकर्ण सशाचा व कपिंजलाचा तंटा तोडावयास बसतो, ऐकूं येत नाहीं म्हणून दोघांस जवळ बोलावितो, आणि तंट्याबरोबर त्यांनाही संपवितो. मनुस्मृतींत दांभिकाला ‘बैडालव्रतिक’ असें नांवच दिलेलें आहे.

चीन देशांत याला निराळा मान मिळाला. ‘लि-जी’ या प्राचीन ग्रंथाप्रमाणें, वर्षाखेरच्या यज्ञांत मांजराला आदरानें आवाहन करीत. कारण तें शेतांतील उंदीर खातें. बाराव्या शतकांतील कवि लू यू यानें मिठाची पुडी देऊन मांजर घरीं आणल्याचें लिहून ठेविलें आहे. फुकट नेलेलें मांजर नव्हे, रीतसर मागणी घालून आणलेलें! मांजर व फुलपाखरू यांचीं चिनी नांवें उच्चारानें सत्तर ते नव्वद वर्षांच्या वयाच्या शब्दांशीं जुळतात. म्हणून वृद्धांच्या वाढदिवशीं या दोहोंचें चित्र भेट देत.

मी दधिकर्णाची गोष्ट वर्गांत मोठ्या रंगांत येऊन सांगत असें. एके दिवशीं मधल्या सुटींत गलका ऐकून मागील बाजूस गेलों, तों माझेच विद्यार्थी भिंतीवरून पिलूं घेऊन जाणाऱ्या भाटीला दगड मारीत होते. ‘‘गुरुजी, ती पिलूं खाते आहे,’’ असें त्यांचें म्हणणें. दगड त्यांच्या हातीं होते, पण ते पुरविले कोणीं, या विचारानें मला त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

उत्तर जवळच होतें. आमच्याच जिल्ह्यांत, प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें. ज्या खांबाशीं बसून ज्ञानेश्वरांनीं शके 1212 मध्यें, म्हणजे इसवी सन 1290 सालीं, गीतेवरील आपली टीका सांगितली असें मानितात, तो पैसाचा खांब तेथें आजही दाखवितात. तेराव्या अध्यायांत अहिंसेचा अर्थ सांगतांना, अहिंसक पुरुष जमिनीवर पाऊल कसें ठेवितो याला ज्ञानेश्वरांनीं दृष्टांत योजिला आहे तो पिलूं तोंडांत धरणाऱ्या मांजरीचा. दांतांचीं टोंकें लागतात, पण रुतत नाहींत!

यांत केवळ कविकल्पना नाहीं. मानेमागची सैल कातडी आईनें धरतांच पिलूं अंग सोडून देतें, पाय पोटाशीं घेतें आणि निमूट लोंबतें. उंदराच्या मानेंत हेच सुळे ती रुतविते. गाईसारखा सौम्य दृष्टांत घेणें ज्ञानेश्वरांना सोपें होतें. त्यांनीं शिकारी जनावर निवडलें. शस्त्र तोंडांत असतां तें आवरणें, ही त्यांची अहिंसा, असें मला वाटतें. पंडितांचें मत निराळें असल्यास तें ऐकण्यास मी तयार आहें. गंमत अशी कीं, गीतेच्या मूळ श्लोकांत ‘अदंभित्व’ आणि ‘अहिंसा’ हे शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. कथाकारांनीं पहिल्याच्या विरोधांत उभें केलेलें जनावर ज्ञानेश्वरांनीं दुसऱ्याच्या बाजूस आणून बसविलें.

पुढें दधिकर्णाची गोष्ट मीं सोडली नाहीं. पण तिच्या पाठोपाठ नेवाशाची मांजरीही सांगूं लागलों. ज्यांच्या घरीं ज्ञानेश्वरी असेल, त्यांनीं तेराव्या अध्यायांतील अहिंसेचें विवेचन काढून पहावें. तें बरेंच लांब आहे. परंतु चालण्याचें वर्णन सुरू झालें कीं कमळावर हळुवार पाय ठेवणारा भुंगा भेटतो, आणि मांजरी तेथून फार दूर नाहीं.