नव्या मुंबईच्या खाजणाचा हिशेब

खाडीपलीकडे जुळे शहर वसविण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी संपादनाखाली आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावरून जानेवारी १९८४ मध्ये जासई व दास्तान फाटा येथे गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. पुढे १९९० मध्ये साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. जमिनीची किंमत अशी भांडून का होईना, ठरली. खाजणाची मात्र ठरलीच नाही.

या शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहे. येथील आगरी शेतकरी पूर्वी मातीचे बांध घालून खारजमिनीत भात पिकवीत. बांधातील उघाडीचे दार भरतीच्या रेट्याने मिटे आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडे. नगररचनाकारांनी याच तत्त्वावर धारण तलाव बांधले. ते डच धर्तीचे म्हणून वाखाणले जातात. उघाडीचे नाव क्वचितच निघते. भरतीच्या वेळी पडणारा पाऊस या तलावांत थांबावा व ओहोटीबरोबर खाडीत जावा, एवढीच योजना. परंतु तलावांत गाळ साचला आणि गाळावर कांदळवन उगवले. गाळ उपसायचा तर कांदळवन तोडावे लागते आणि त्याच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये प्रतिबंध केला. न्यायालयाचे चुकले असे कोणी म्हणू नये. चूक जमाखर्चाची आहे. कारखान्यातील यंत्रावर दरवर्षी घसारा धरला जातो. तलावावर तो कोणी धरला? भूखंड विकताना गाळ उपसण्याचा कायमचा खर्च त्यांच्या भावात मिळविला होता काय?

आशियातील श्रीमंत देशांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. जपानमध्ये ओसाकाजवळ समुद्रात भराव घालून उभारलेला कान्साई विमानतळ १९९४ मध्ये सुरू झाला. तो अंदाजापेक्षा अधिक खचला व सप्टेंबर २०१८ च्या वादळात पाण्याखाली गेला. त्याच जपानच्या कर्जसाहाय्याने २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू उभा राहून जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे ११६० हेक्टरांवरील नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला. कर्जाच्या परतफेडीचे वेळापत्रक असते, तसे वळविलेल्या नदीच्या देखभालीचेही असावयास हवे.

प्रत्येक धारण तलावाची मूळ क्षमता व आजची क्षमता महापालिकेने आपल्या अंदाजपत्रकासोबत दरवर्षी छापावी. हे आकडे समोर आल्यावरच कोणत्या तलावातील गाळ, कोठवर आणि किती कांदळवन राखून उपसता येईल, याचा निश्चित प्रस्ताव न्यायालयापुढे ठेवता येईल.