चार मिनिटांची धग, तासाभराचं निवणं

बांगडी फुटली असं मराठी घरात म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. वाढलेल्या बांगड्यांचे तुकडेही पूर्वी सगळेच केरात जात नसत. मुली ते डब्यात साठवायच्या आणि सुट्टीतल्या दुपारी मेणबत्ती पेटवून बसायच्या. तुकड्याचा मधला भाग ज्योतीवर धरला की काच मऊ पडे. दोन्ही टोकं हलक्या हाताने जवळ आणली की झाली कडी. त्या कडीत दुसरा तुकडा, दुसऱ्यात तिसरा, आणि मग ती रंगीत साखळी दारावर तोरणासारखी लोंबे. बोटं भाजत, काचेवर काजळी बसे. पण काचेचा एक गुण त्या वयात हाताला कळून जाई: काच बर्फासारखी एकदम वितळत नाही. आधी ती लवते, मग काकवीसारखी सावकाश वाहू लागते.

काचेचे तुकडे उष्णतेने एकजीव करून लोलक आणि कानातले घडवण्याची ‘फ्यूजिंग’ ही कला याच गुणावर उभी आहे. एरवी तिला विजेची मोठी भट्टी लागते. पण हौशी माणसासाठी एक छोटी भट्टी निघाली आहे, जी चक्क मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये ठेवायची असते.

ही भट्टी पांढऱ्या सिरॅमिक तंतूंची असते, थर्माकोलसारखी हलकी. खाली बैठक, वर घुमटासारखं झाकण, एवढेच तिचे दोन भाग. लहान आकाराच्या भट्टीत जेमतेम सात-आठ सेंटीमीटर रुंदीचं काम मावतं. खरी करामत झाकणाच्या आतल्या काळ्या थरात आहे. थंड काचेतून मायक्रोवेव्ह लहरी जवळजवळ अडथळ्याविना आरपार जातात, म्हणूनच ओव्हनमध्ये भाजी तापते आणि काचेचं भांडं तापतं ते मुख्यतः भाजीमुळे. नुसता काचेचा तुकडा आत ठेवून तो वितळणार नाही. झाकणातला काळा थर सिलिकॉन कार्बाइडसारख्या पदार्थाचा असतो. सुऱ्यांना धार लावायचा कार्बोरंडमचा दगडही त्याचाच. हा थर लहरी शोषून घेतो, लालभडक होतो आणि त्याची धग खाली ठेवलेल्या काचेवर उतरते. भोवतालचे तंतू उष्णता कोंडून धरतात. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या यंत्राच्या पोटात काही मिनिटांत ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान तयार होतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. या कामाचा मायक्रोवेव्ह वेगळाच असावा. भट्टीत काचेखाली अंथरायचा कागद जळतो, त्याचा धूर होतो, सिरॅमिकचे बारीक तंतू सुटतात. त्याच ओव्हनमध्ये पुन्हा भात गरम करणं योग्य नाही. जुना, साधा, ग्रिल नसलेला ओव्हन खिडकीजवळ मांडला की काम भागतं. भट्टी हाताळताना जाड, उष्णतारोधक हातमोजे आणि तंतूंची धूळ उडत असेल तेव्हा चांगला मास्क हवाच.

पहिलं काम काच कापण्याचं. खरं तर काच कापली जात नाही, ती आखलेल्या रेघेवर मोडली जाते. काचवाल्यांकडची हिरकणी किंवा चाकाचं कटर एकदाच, सारख्या दाबाने फिरवायचं. करकर असा आवाज आला की रेघ उठली. मग दोन्ही बाजूंना धरून बाहेरच्या दिशेने वाकवलं की तुकडा सुटतो. तीच रेघ दुसऱ्यांदा गिरवली तर काच वेडीवाकडी फुटते आणि कटरचं चाकही बोथट होतं. कापलेले तुकडे स्वच्छ धुवून पुसायचे, कारण बोटांचे तेलकट ठसे आणि धूळ राहिली तर भट्टीतून निघालेल्या काचेवर पांढुरकी साय धरते.

बैठकीवर खास भट्टीचा कागद अंथरायचा, नाहीतर काच तिथेच चिकटते. त्यावर तुकड्यांची मांडणी. नवशिक्याला इथे काचेचा एक विलक्षण हट्ट भेटतो. मऊ झालेल्या काचेला सुमारे सहा मिलिमीटर जाडी हवी असते. त्याहून पातळ थर असेल तर पृष्ठताणामुळे कडा आत ओढल्या जातात आणि चौकोन आक्रसून गोल होऊ पाहतो. जाड असेल तर स्वतःच्या वजनाने काच पसरते. म्हणून तीन मिलिमीटर जाडीच्या काचेचे दोन थर एकावर एक ठेवायची पद्धत पडली आहे. आखलेला आकार त्यात बराचसा टिकतो. पातळ काचेचा लहानसा तुकडा एकटाच तापवला तर तो गोटीसारखा गोळा होतो, आणि कानातल्यांसाठी मणी मुद्दाम असे केलेही जातात.

मग बटण दाबायचं. बहुतेक कामं तीन ते पाच मिनिटांत होतात, पण ओव्हन किती वॉटचा आहे यावर सगळं अवलंबून. ७०० वॉटचा ओव्हन ११०० वॉटच्या ओव्हनपेक्षा साहजिकच जास्त वेळ घेतो. भट्टीत तापमापक नसतो. झाकणाच्या छिद्रातून दिसणारी झळाळी हीच खूण: आधी काळसर लाल, मग नारिंगी. ७३०-७६० अंशांच्या टप्प्यात तुकडे एकमेकांना चिकटतात, पण त्यांचे उंचवटे जाणवत राहतात. ८०० अंशांच्या पुढे सगळे थर मिसळून पृष्ठभाग गुळगुळीत होतो. अर्ध्या मिनिटाच्या फरकाने वेगळाच दागिना निघतो, म्हणून पहिले पाच-सहा प्रयोग वहीत टिपून ठेवणं फार उपयोगाचं ठरतं.

आणि आता काचेची सगळ्यात अवघड बाजू. दोन सुंदर रंगांचे तुकडे वितळून छान जोडले गेले, म्हणजे ते जोडलेले राहतीलच असं नाही. प्रत्येक काच तापल्यावर ठरावीक प्रमाणात प्रसरण पावते आणि निवताना आक्रसते. अमेरिकेत पोर्टलंड इथे १९७४ मध्ये सुरू झालेल्या बुलसाय कंपनीची काच कारागिरांमध्ये ‘९०’ या आकड्याने ओळखली जाते. फ्यूजिंगसाठी मिळणारी दुसरी प्रचलित काच ‘९६’ची. हे आकडे प्रसरणाचे आहेत. समजा या दोन काचांचे तीन-तीन सेंटीमीटरचे तुकडे जोडले. काच घट्ट झाल्यानंतर सुमारे ५०० अंश खाली उतरताना त्यांच्या आक्रसण्यात जवळपास नऊ हजारांश मिलिमीटरचा फरक पडतो. केसाच्या जाडीचा आठवा हिस्सा म्हणा. पण काच रबरासारखी ताणली जात नाही. एवढ्याशा फरकाने तिच्या पोटात प्रचंड ताण साठतो आणि ती तडकते. कधी भट्टीतच, कधी महिन्याभराने, गळ्यात असताना. बोरोसिलिकेट काचेचं प्रसरण साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांश असतं. म्हणूनच तिच्या ग्लासात उकळता चहा ओतला तरी तो सहसा तडकत नाही. आणि म्हणूनच तिचा तुकडा खिडकीच्या काचेला जोडायला जाऊ नये.

परदेशी काच मागवणं महाग पडतं. सरावासाठी साधा उपाय आहे: काचवाल्याकडून खिडकीच्या एकाच तावाच्या कातरणी आणाव्यात, किंवा एकाच बाटलीचे तुकडे वापरावेत. त्यांचं प्रसरण सारखंच असतं. या काचांना फ्यूजिंगच्या काचेपेक्षा थोडी अधिक धग लागते आणि साय लवकर धरते, एवढं लक्षात ठेवावं. बांगड्यांचा मोह सुटत नसेल तर एकाच बांगडीचे तुकडे घ्यावेत, आणि तिच्यावरचा सोनेरी मुलामा नि टिकल्या जळून जाणार हे गृहीत धरावं.

ओव्हन बंद झाला की भट्टी विटेवर काढून ठेवायची, आणि झाकणाला हात लावायचा नाही. हाच या कलेतला कठीण भाग. आत काय घडलंय ते बघायची उत्सुकता अनावर असते, पण फटीतून गार हवेची एक झुळूक आत गेली तरी काचेची वरची बाजू आधी आक्रसते, आतली मागे राहते आणि तडा जातो. कंदिलाची चिमणी असो की पाण्याचा ग्लास, कारखान्यात काचेचा माल लांबलचक भट्टीतून सावकाश निववूनच बाहेर आणतात. बुलसायची काच त्यासाठी ४८२ अंशांवर काही काळ स्थिर ठेवायला सांगितलं जातं. मायक्रोवेव्हच्या भट्टीत असं तापमान धरून ठेवता येत नाही. तंतूंचं जाड आवरण जमेल तितका वेळ धग टिकवतं, बस्स. त्यामुळे तिच्यात छोटे दागिनेच करावेत. छोट्या तुकड्यात आतबाहेरच्या तापमानातला फरक कमी राहतो, आणि लहान काच पुष्कळ सोसते.

लहान काचेचं सामर्थ्य महाराष्ट्राच्या मातीतही सापडलं आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातल्या वस्तूंमध्ये काचेचे मणीही मिळाले. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेच्या इतिहासावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मुंबई विद्यापीठाने तो १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. मण्यांचा इतका बारकाईने विचार करणारा संशोधक आपल्याकडे होऊन गेला, हे दागिने घडवणाऱ्यांना ठाऊक असायला हवं.

तासाभराने भट्टी हाताला कोमट लागली की झाकण उघडावं. तुकड्याच्या पोटात ताण उरलाय का, हे बघायची सोपी युक्ती आहे. ध्रुवण करणाऱ्या फिल्मचे दोन तुकडे घ्यायचे, एकमेकांवर ठेवून उजेड अडेपर्यंत वरचा फिरवायचा आणि मध्ये पारदर्शक काच धरायची. जोडाभोवती उजळ कडं दिसलं तर तिथे ताण आहे. तो दागिना वापरू नये. सगळं काळं राहिलं तर कडा पाण्यात ओल्या करून हिऱ्याच्या कणांच्या पट्टीने घासाव्यात आणि मागे अडकवायची कडी अॅराल्डाइटने चिकटवून रात्रभर तशीच ठेवावी. कडा पुरेशा गोल झाल्या नसतील तर कडी चिकटवण्याआधी तोच तुकडा पुन्हा भट्टीत घालता येतो. मात्र आता तो एकसंध आणि जाड असतो, त्यामुळे सुरुवातीची दोन-तीन मिनिटं ओव्हन अर्ध्या शक्तीवर चालवावा लागतो.