बगलफळी : शिडाच्या होडीचा पाण्यातला पंख

तापी नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. पावसाळ्यात खानदेशात वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे प्रवाह एका दिशेला, तर वारा जवळजवळ त्याच्या उलट. अशा नदीवर शिडाची होडी चालवणे तत्त्वतः सोपे. वरच्या अंगाला जाताना वारा ढकलील. परतताना शीड उतरवून होडी प्रवाहावर सोडायची. नाईल नदीवर हजारो वर्षे हेच चालत आले. तिथे पाणी उत्तरेकडे वाहते आणि वारा उत्तरेकडून येतो.

आता मुक्ताईनगर तालुक्यातील चांगदेवजवळचे पाणी डोळ्यांपुढे आणा. तापी आणि पूर्णा यांच्या या संगमावर आज हतनूर धरणाचा फुगवटा आहे. हे धरण १९८२ साली पूर्ण झाले. त्याचे दरवाजे बंद असले की प्रवाह अगदी मंदावतो. परतीची फुकटची सोय संपते. शिडाच्या होडीला धरणाच्या दिशेने, म्हणजे वाऱ्यासमोर यायचे असेल, तर ते कसे साधावे? शिवाय जलाशयात गाळ साचलेला, पाणी पसरट आणि बऱ्याच जागी उथळ. तळाला खोल कणा असलेली होडी इथे रुतेल. सपाट तळाची होडी घेतली तर ती वाऱ्याबरोबर आडवी सरकत जाईल.

हीच अडचण हॉलंडच्या उथळ किनाऱ्यावरील नावाड्यांना होती. त्यांनी होडीच्या दोन्ही बगलांना एकेक लाकडी फळी टांगली. वारा ज्या बाजूकडे वाहत जातो तिला इंग्रजी नावाडी 'ली' म्हणतात, म्हणून ही फळी 'लीबोर्ड'. आपण तिला 'बगलफळी' म्हणू. लंडनच्या थेम्स नदीत मालवाहतूक करणारे सपाट तळाचे मोठे पडाव अशाच फळ्या लावून दोन माणसांच्या बळावर चालत असत.

आडवा जोर किती?

थेट वाऱ्यासमोर कोणतीच शिडाची होडी जाऊ शकत नाही. ती वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून तिरपी जाते, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरपी जाते. असा नागमोडी मार्ग काढत ती वाऱ्याच्या दिशेने पुढे सरकते.

अशा वेळी शिडावरचे बल होडीच्या मार्गाशी मोठा कोन करते. समजा, हे बल १०० न्यूटन आहे आणि कोन ७० अंशांचा आहे. बलाचे दोन घटक पाडा. पुढे नेणारा घटक १०० × कोसाइन ७० अंश, म्हणजे सुमारे ३४ न्यूटन. आडवा घटक १०० × साइन ७० अंश, म्हणजे सुमारे ९४ न्यूटन. होडीला पुढे नेणाऱ्या जोराच्या पावणेतीन पट जोर तिला बाजूला लोटतो. हा आडवा जोर तोलून धरणे हे बगलफळीचे काम.

भिंत नव्हे, पंख

फळी पाण्यात भिंतीसारखी उभी राहून होडीला अडवते, असे प्रथमदर्शनी वाटते. पण खरी गोष्ट वेगळी आहे. होडी पुढे जाताना किंचित बाजूलाही सरकते, त्यामुळे पाणी फळीवर थोड्या तिरप्या कोनातून येते. विमानाच्या पंखावर हवा अशीच तिरपी येते आणि त्याला उचल मिळते. तीच उचल इथे आडवी मिळते, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला. होडी थोडी सरकते म्हणूनच फळी तिला फार सरकू देत नाही. सरकणे शून्य झाले, तर सपाट फळीचे बलही शून्य होईल.

पंखाचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. होडीचा वेग निम्मा झाला, की त्याच कोनात फळीचे बल चौथा हिस्सा उरते. म्हणूनच अनुभवी नावाडी थांबलेली होडी लगेच वाऱ्याकडे वळवत नाही. आधी वारा बगलेवर घेऊन वेग धरतो, मग हळूहळू वाऱ्याकडे वळतो. जो घाई करतो, तो शीड फुगलेले असूनही काठाकडे लोटला जातो.

बांधणी आणि जोडणी

लहान होडीसाठी फळीचा पाण्यातील भाग शिडाच्या क्षेत्रफळाच्या ४ ते ५ टक्के ठेवतात. शीड ५ चौरस मीटर असेल, तर ३५ सेंटिमीटर रुंद आणि पाण्यात ६५ सेंटिमीटर खोल फळी पुरते. लाकूड सागवानी असल्यास उत्तम. एका रुंद फळीपेक्षा अरुंद पट्ट्या चिकटवून केलेली फळी कमी वाकते. लाकडाचे रेषे फळीच्या लांबीच्या दिशेने हवेत. पुढची कड गोलसर आणि मागची कड निमुळती तासावी.

वरच्या टोकाला जाड बोल्ट आणि मोठे वायसर घालून फळी होडीच्या काठाला अशी बसवतात, की ती बोल्टभोवती फिरेल. तळ गाळाला लागला तर फळी आपोआप मागे उचलली जाते. लाकूड तरंगते, म्हणून खालच्या टोकाला वजन हवे. वर ओढायला दोरी हवी.

एका वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बगलेची, म्हणजे 'ली'कडची फळीच खाली सोडतात. कारण साधे आहे. पाणी फळीला वाऱ्याच्या दिशेने रेटते, त्यामुळे ती होडीच्या अंगावर दाबली जाते आणि सारा भार होडीच्या बाजूवर येतो. वाऱ्याकडची फळी मात्र होडीपासून दूर ओढली जाईल आणि सगळा ताण बोल्टवर येईल. फळी जिथे टेकते तिथे बाहेरून एक जाड पट्टी ठोकावी.

करून पाहा

१. पाण्याच्या बादलीत लाकडी फूटपट्टी उभी बुडवून कडेच्या दिशेने ओढा. मग रुंद बाजूने ओढा. आता कडेच्या दिशेनेच, पण किंचित तिरपी धरून ओढा. ती बाजूला पळू पाहील. वेग वाढवा, म्हणजे बल किती झपाट्याने वाढते ते हाताला कळेल.

२. सुमारे ४० सेंटिमीटर लांबीच्या सपाट फळकुटाची होडी करा. विणकामाची सुई ही डोलकाठी, प्लास्टिकचा कागद हे शीड. बगलफळी कपड्यांच्या चिमट्याला चिकटवून होडीच्या काठाला लावा, म्हणजे ती पुढेमागे सरकवता येईल. नमुन्याचा वेग कमी असल्याने फळी प्रमाणापेक्षा मोठी घ्या. शाळेच्या टाकीत, वारा बगलेवर घेऊन, होडी १ मीटर पुढे जाताना किती बाजूला सरकते ते मोजा. २० सेंटिमीटर सरकली, तर कोन सुमारे ११ अंश. फळी लावून आणि काढून दोन्ही वेळा मोजा.

३. चिमटा फार पुढे नेल्यास होडी वाऱ्याकडे तोंड वळवते. फार मागे नेल्यास वाऱ्यापासून दूर वळते. सरळ जाण्याची जागा विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.

हे प्रयोग टाकीतच करावेत. जलाशयावर विद्यार्थ्यांना नेऊ नये असे आम्ही आग्रहाने सुचवतो. फुगवट्याचे पाणी शांत दिसले, तरी तळाचा गाळ आणि अवचित येणारा वारा यांचा नेम नसतो.